वर जाणाऱ्या रिबनी

नातीनं आईचा मोबाइल पलंगावर उपडा ठेवला आणि म्हणाली, "आई, यात काहीच होत नाही की."

माझी लेक उशांना टेकवून बसवलेली होती. हात मांडीवर ठेवलेले, म्हणजे मीच ठेवलेले. ती म्हणाली, "अजून थोडं खेळ. पुढं त्या पोरीची वेणी होतीया बघ."

"कधी होतीया? ती रिबन खाली येईस्तोवर मी चहा पिऊन येईन."

नात दहा वर्षांची. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तिनं बापानं दिलेला मोबाइल काढला आणि त्यावर दुसरा कसला तरी गेम लावला. त्यात माणसं पळत होती, उड्या मारत होती, खणखण वाजत होतं. लेक तिच्याकडं बघत राहिली. मी उपडा मोबाइल उचलून सरळ केला. त्यावर लाल रिबन अजून खाली येत होती. खरंच फार हळू येत होती.

तो गेम लेकीनं केला होता. पावसाळ्याच्या आधी सुरू केला आणि दिवाळीला नात येईपर्यंत कसाबसा मोबाइलवर चढवला. त्यानंतर जे झालं ते मरण होतं, आणि मरण येणार हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. नात मोबाइल उपडा ठेवेल हे कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून मला विचाराल तर सगळ्यात वाईट दिवस तो होता.

मी मंगळवेढ्याकडच्या गावातली. लग्न होऊन सोलापुरात आले आणि चादरीच्या कारखान्यात कार्डं पाडायच्या कामाला लागले. चादरीवर मोर यायचा असेल तर तो आधी चौकटीच्या कागदावर काढतात. तो कागद समोर ठेवून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. त्या पट्ट्या मागावर चढवल्या की कुठला धागा उचलायचा ते मागाला भोकावरून कळतं. ते काम मी डोळे चालत होते तोवर केलं. शाळा चौथीपर्यंत. नवरा मागावरच होता, तो जाऊन पुष्कळ वर्षं झाली.

लेक एकच. बारावी झाली आणि मंगळवेढ्यात दिली. जावयाचं तिथं मोटारी आणि पाइपांचं दुकान आहे. लेक घरी शाळेचे युनिफॉर्म शिवायची. कापड कापून सोलापूरहून एसटीनं जायचं, शिवून परत यायचं. तिचा हात इतका चालायचा की शेजारच्या बाया बघायला बसायच्या. मग एक दिवस हातातली कात्री पडली. उचलली, परत पडली. पुढं पायही जड झाले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते मला म्हणता येत नाही. नसा एकेक करून काम सोडतात आणि शेवटी श्वासाची पाळी येते, एवढं मला कळलं. औषध नाही, हेही कळलं.

जावई तिला माझ्याकडं घेऊन आला. म्हणाला, "मामी, दुकान, पोरगी, हिचं उठवणं-बसवणं, मला एकट्याला होत न्हाय."

मी म्हणाले, "ठेव."

तो वाईट माणूस नाही. त्याला होत नव्हतं ते त्यानं सांगितलं. नात तिकडंच राहिली, शाळा तिकडं, बापाची आई तिकडं. सुट्टीला इकडं यायची.

पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती फणी आणि रिबनी घेऊन आईपुढं पाठ करून बसली. मंगळवेढ्यात रोज सकाळी तसंच बसायची, तेव्हा सवयीनं बसली. लेकीनं हात उचलायचा प्रयत्न केला. फणी बोटात राहीना. मी फणी घेतली आणि घातल्या दोन वेण्या, घट्ट, वर दुमडून. मला मऊ हातानं घालता येत नाही. पोरगी रडली. दुसऱ्या दिवशी ती फणी घेऊन आलीच नाही. आईच्या पायाला पाठ लावून बसायची आणि तोंड मोबाइलात. लेकीनं विचारलं, "काय खेळतीस गं?" ती म्हणाली, "तुला न्हाय कळायचं."

ती गेल्यावर लेक मला म्हणाली, "आई, ती दिवसभर त्या मोबाइलात असती. मला तितं जायचंय."

"तितं काय हाय जायला?"

"ती हाय की."

मी अडवलं नाही. घरात दुसरं करण्यासारखं तरी काय होतं.

जिथून युनिफॉर्मचं काम यायचं त्या लोकांनी आपल्या ऑफिसातला जुना लॅपटॉप तिला दिला. पंखा घरघरायचा आणि तासाभरात तापायचा, पण चालत होता. तिनं मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यावर गेम करायचं इंजिन उतरवून घेतलं. फुकट मिळतं. मी विचारलं, इंजिन कशाला, गेम करायचाय की गिरणी टाकायचीय. तिनं समजावून सांगितलं ते मला पटलं. ती म्हणाली, माग जसा आधीच उभा असतो, तसं हे. धागा वर उचलायचं, आडव्या धाग्याचा धोटा मारायचं ज्ञान मागाला असतं, आपण फक्त कार्डं आणि सूत द्यायचं. इंजिनाला पडणं माहीत असतं, धडकणं माहीत असतं, बोट लागलं की कळणं माहीत असतं. कोण पडणार आणि कशाला धडकणार, ते आपण सांगायचं.

"मग सोपं हाय," मी म्हणाले.

सोपं नव्हतं. व्हिडिओतला माणूस हिंदीत बोलायचा आणि फार घाईत असायचा. "अब बस इतना करना है" म्हणायचा आणि तेवढ्यात पाच ठिकाणी दाबून मोकळा व्हायचा. लेकीच्या उजव्या हाताची दोन बोटं तेव्हा चालत होती. ती व्हिडिओ थांबवायची, मागं न्यायची, परत ऐकायची. त्याच्या स्क्रीनवर एक खूण डावीकडं असेल तर आमच्याकडं ती उजवीकडं निघायची, नाहीतर निघायचीच नाही, कारण त्याचं इंजिन जुनं आणि आमचं नवं. मी शेजारी बसून शेंगा सोलायची आणि त्या माणसाला शिव्या द्यायची.

"त्याला काय ऐकू जातंय का," लेक म्हणायची.

"म्हणून तर देते."

पहिल्यांदा तिनं शिकायला म्हणून एक मुलगी आणि खाली एक जमीन केली. जमिनीला तपकिरी रंग दिला. चालू केल्यावर मुलगी वरून आली, जमिनीतून आरपार खाली गेली आणि दिसेनाशी झाली. परत केलं, परत गेली. आठवडाभर ती मुलगी जमिनीतून पडत होती. मग कळलं की दिसणारी जमीन वेगळी आणि अडवणारी जमीन वेगळी. रंग दिला म्हणजे जमीन झाली असं नाही. तिच्याआड एक न दिसणारी चौकट ठेवावी लागते, ती अडवते. लेक म्हणाली, "व्हिडिओत हे त्यानं सांगितलंच न्हाय." सांगितलं होतं, घाईत सांगितलं होतं. मला आठवत होतं, पण मला तरी कुठं कळलं होतं.

शेजारीण दारात उभी राहून विचारायची, "लेक काय करती गं दिवसभर?"

"गेम करती."

"घास उचलंना हाताला, आन् गेम?"

"घास मी भरवते. गेम ती करती."

"लई कौतुक हाय बाई."

"तुला यायचं असलं तर आत ये. दारात उभी राहून उजेड अडवू नको."

गेम असा होता. खाली शाळेच्या निळ्या युनिफॉर्ममधली एक मुलगी, केस मोकळे. वरून लाल रिबनी पडतात. मुलीला बोटानं डावीकडं-उजवीकडं सरकवायचं आणि रिबनी झेलायच्या. झेललेल्या रिबनी पुरेशा झाल्या की तिची वेणी होते, मग दुसरी वेणी होते, आणि घंटा वाजते. बस. युनिफॉर्म लेकीनं इतका बारीक काढला होता की कॉलरची शिलाईसुद्धा दिसायची. एवढ्याशा मोबाइलवर शिलाई कोण बघणार म्हटलं, तर म्हणाली, "तिला कळंल. तिचे युनिफॉर्म मीच शिवलेत."

मी पटलं असं दाखवलं नाही, पण मला पटलं होतं.

लिहायची भाषा इंग्रजी. ओळीच्या आत ओळ सरकवून लिहायची, नीट सरकली नाही तर खाली लाल अक्षरं येतात. लाल अक्षरं आली की लेक ती वाचायची, मग मोबाइलला विचारायची, मग दुपारभर शोधायची. कधी एक ठिपका कमी निघायचा. ठिपका घातला की दुसरीकडं लाल. याच्यात पावसाळा गेला. आणि याच काळात तिची बोटं जात होती. आधी मधलं गेलं. मग उरलेलं एकच बोट, तेही उचलायला वेळ लागायचा. मी आंघोळ घालायचे, भरवायचे, कुशीवर वळवायचे, आणि हे सगळं उरकून तिचं ते बोट माउसवर ठेवून द्यायचे.

ती रोज गेम स्वतः खेळून बघायची. रिबन झेलता आली नाही की म्हणायची, "जोरात पडतीया," आणि वेग थोडा कमी करायची. मग झेलता यायची. आठ-दहा दिवसांनी परत झेलता यायची नाही, परत वेग कमी. आम्हाला वाटायचं आम्ही गेम सुधारतोय. रिबन जोरात पडत नव्हती. बोट मागं राहत होतं. ते तिच्या लक्षात आलं नाही आणि माझ्याही आलं नाही. दिवाळी आली तेव्हा ती रिबन माझ्या लेकीच्या बोटाइतकी हळू झाली होती, आणि तसाच गेम नातीच्या हातात पडला. पुढचं सांगितलंय.

नात एसटीनं बापाबरोबर परत गेली. त्या दिवशी लेक जेवली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "लॅपटॉप उघड."

"कशाला?"

"तिचं खरं हाय. हळू हाय तो. पोरींचा हात चालतो."

बोट तोवर पुरतं गेलं होतं. मी माउसवर ठेवलं तरी ते तिथं नुसतं पडून राहिलं. ती त्याच्याकडं बघत बसली आणि मग म्हणाली, "तू बस."

"मला काय येतं त्यातलं?"

"तुला दाबता येतं की. मी सांगते."

मी बसले. इंग्रजी अक्षरं मला येत नव्हती, पण कार्डं पाडायच्या यंत्रालाही बोटांच्या कळाच होत्या आणि त्यांवर काही लिहिलेलं नव्हतं. कुठली कळ कुठं आहे एवढं कळलं की पुरतं. ती सांगायची, पोट असलेलं अक्षर, छत्रीसारखं अक्षर, त्याच्या शेजारचं. मी दाबायची. तिची जीभ जड व्हायला लागली होती, त्यामुळं ती एक सांगायची आणि मी दुसरं ऐकायची.

"ते न्हाय गं. त्याच्या वरचं."

"वरचं म्हणजे कुटलं? वर चार हायत."

"आई, तू मुद्दाम करतीस."

"व्हय, मला दुसरा उद्योग न्हाय."

शेजारीण म्हणायची, तुमी दोघी भांडता तेव्हा गल्लीला ऐकू जातं. लेकीचा आवाज तोवर एवढा बारीक झाला होता की गल्लीला जे ऐकू जायचं ते माझंच.

या वेळी तिला दोन फेऱ्या करायच्या होत्या. पहिली फेरी जुन्यासारखी, पण वेगानं. दुसरीत अजून काहीतरी वेगळं, काय ते ठरलं नव्हतं. पहिल्यापासून मांडायचं म्हणून मी चौकटीचा कागद आणला. तिनं सांगितलं तशा खुणा केल्या. जमीन तळाच्या ओळीत, मुलगी जमिनीवर, रिबनी वरच्या ओळीत. मग ती दमली. मी म्हणाले, तू झोप, आकडे मी भरते. आकडे मला येतात. मी चौकटी मोजल्या आणि भरल्या. रिबनीनं कुठल्या बाजूला जायचं त्याचाही आकडा असतो. खाली जायचं म्हणजे वजा, म्हणून मी वजा लावला.

ती उठल्यावर चालू केलं. जमीन छताला लागली होती. मुलगी वर, जमिनीला चिकटून. आणि रिबनी खालून निघून वर चालल्या होत्या, एकामागून एक, अंगणातून धूर वर जावा तशा. मुलगी वरच्या वर सरकत होती.

झालं होतं असं. कार्डं पाडताना कागद तळापासून वाचतात. पहिली ओळ खालची, कारण चादर विणताना खालची ओळ आधी विणली जाते आणि नक्षी वर वाढत जाते. कारखान्यात सगळं आयुष्य मी खालून मोजलं. इंजिन वरून मोजतं. त्याचा शून्य माथ्यावर असतो आणि खाली जावं तसा आकडा वाढतो. मी सगळा गेम चादरीसारखा भरला होता.

लेक हसायला लागली. हसली आणि ठसका लागला, आणि मग तो थांबेना. त्या आजारात ठसका म्हणजे खेळ नसतो. मी तिला पुढं वाकवून पाठीवर थापट्या मारल्या. तोंड पुसलं. श्वास लागल्यावर तिचं पहिलं वाक्य, "बदलू नको."

"उलटं झालंय की."

"दुसरी फेरी हीच. रिबनी वर जात्यात. तिनं असलं कुटं बघितलं नसंल."

मग पहिली फेरी सरळ केली, दुसरी माझ्या चुकीची ठेवली. पहिलीत दोन वेण्या झाल्या की सगळं वर जातं आणि रिबनी खालून सुटतात. कसं जोडायचं ते तिनं सांगितलं, मी दाबलं. दुपारच्या दुपार गेल्या. जोडलेलं चालतंय का बघायला तिनं मला पहिली फेरी ओलांडून थेट दुसरी लावायला शिकवलं, आणि ती आम्ही पुष्कळदा लावून बघितली. खेळलो नाही, नुसती बघितली. खेळायला तिला बोट नव्हतं आणि मला नजर नव्हती.

खरी अडचण तीच होती. आता वेग कुणाच्या हातानं ठरवायचा? मी खेळून बघितलं तर मला काहीच झेलता यायचं नाही, हळूही नाही आणि जोरातही नाही. लेक बघून ठरवायला लागली.

"वाढव."

मी वाढवला.

"अजून."

"लई होतंय."

"न्हाय होत. माझा हात होता तेव्हा मी घेतली असती ही." ती रिबनीकडं बघत होती. "अजून वाढव."

माझ्या मनात आलं की ही युनिफॉर्म शिवायच्या वेळचा हात धरून बोलतेय. पण दहा वर्षांच्या पोरीचा हात किती चालतो हे मलाही माहीत नव्हतं. मी वाढवला.

मोबाइलवर चढवायचं काम सगळ्यात किचकट. ते खरं तर गेम करण्यातलं नाहीच, पण त्याच्यावाचून गेम लॅपटॉपातच राहतो. कुठली कुठली फाइल कुठं ठेवायची, कुठला परवलीचा शब्द घालायचा, कुठल्या चौकोनात खूण करायची. एक चुकलं की सगळं लाल. दिवाळीच्या वेळी ते तिनं एका बोटानं केलं होतं. आता ती कुजबुजायची आणि मी दाबायची. लाल आलं, परत केलं. परत लाल. शेवटी एकदाचा तो तिच्या मोबाइलवर चढला. मी म्हणाले, "झालं बाई." तिनं डोळे मिटले, एवढंच.

गेम जावयाच्या मोबाइलवर पाठवला, म्हणजे तो नातीच्या मोबाइलात घालेल. त्याचा फोन आला.

"मामी, मोबाइल सांगतोय, ही फाइल धोक्याची हाय."

"धोक्याची कशी? तुझ्या बायकोनं केलीय."

"ते मला कळतंय की. पर पोरीची शाळा त्या मोबाइलवर चालती. बिघडला तर कुटनं आणू? सुट्टीला येईल तेव्हा तितं खेळंल की ती."

मी फोन लेकीच्या कानाला लावला. ती काहीतरी म्हणाली. तो म्हणाला, "काय? ऐकू येईना." ती परत म्हणाली. तो म्हणाला, "बरं, बरं," म्हणजे त्याला कळलं नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं, मी फोन काढून घेतला.

सुट्टीला अवकाश होता. उन्हं तापायच्या आत लेक गेली. सकाळी पेज भरवत होते, दोन घास गेले, तिसरा गेला नाही. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. श्वास घ्यायचं नसांनी सोडलं.

तेराव्याला नात आली होती. माणसं जेवून उठल्यावर मी तिला आत नेलं, लेकीचा मोबाइल दिला आणि म्हणाले, "तुझ्या आईनं परत केलाय. आता हळू न्हाय."

ती पलंगावर बसली, आई जिथं टेकून असायची तिथंच. चालू केलं. रिबनी आल्या आणि गेल्या. तिनं बोट हलवायच्या आत गेल्या. खेळ संपला. तिनं परत लावला, परत संपला. जीभ बाहेर काढून, अगदी मोबाइलात शिरून खेळत होती. पोरगी खरंच झटत होती, हे मी बघितलं. एक रिबन तिनं धरली. मग संपला.

"आज्जी, हे कुणालाच जमणार न्हाय."

"थोडं खेळ. पुढं रिबनी वर जात्यात."

"पुढं जाताच येईना तर."

मला त्या मोबाइलवर थेट दुसरी फेरी लावून दाखवता येत नव्हती. ते फक्त लॅपटॉपवर होत होतं. लॅपटॉप त्या दिवशी पाहुण्यांच्या पिशव्यांखाली कुठं तरी होता, आणि जावई दारातून हाका मारत होता, एसटी चुकंल म्हणून. तिनं मोबाइल माझ्या हातात दिला. युनिफॉर्मच्या कॉलरवरची शिलाई तिला दिसली का, ते मी विचारलं नाही. एवढ्या घाईत दिसली नसावी.

माणसं पांगल्यावर मी लॅपटॉप उघडला. वेगाचा आकडा कुठं आहे ते मला माहीत होतं, मीच तर भरला होता. तो कमी केला. निम्मा केला. चालू करून बघितलं, दहा वर्षांच्या पोरीला जमेल असं वाटलं. आता तो मोबाइलवर चढवायला बसले आणि तिथं अडकले. लेक सांगत होती तेव्हा मी दाबत होते. मी शिकले नव्हते. कुठल्या चौकोनात खूण, कुठला परवलीचा शब्द, ते तिच्या तोंडातून निघून माझ्या बोटातून गेलं, माझ्याजवळ थांबलं नाही. लाल अक्षरं आली. मला ती वाचता येत नाहीत. बरेच दिवस बसले. दरवेळी लालच आलं. तो व्हिडिओतला माणूस लावून बघितला, त्याला शिव्या दिल्या. शेजारीण एकदा आत येऊन बसली, बघत राहिली आणि या वेळी काही बोलली नाही. ते मला जास्त लागलं.

मग ठरवलं, सुट्टीला पोरगी येईल तेव्हा लॅपटॉपवरच खेळेल.

ती उन्हाळ्यात आली, पण चारच दिवस. केस मानेपर्यंत कापलेले. तिकडं रोज वेण्या कोण घालणार म्हणून बापाच्या आईनं कापून आणले होते. मी लॅपटॉप पलंगावर मांडला, पंख्याखाली, तापू नये म्हणून. म्हणाले, आता वेग बरोबर केलाय.

"नको आज्जी. मी आता तसले खेळत न्हाय."

"एकदा बघ तर."

तिनं बघितलं. निळ्या युनिफॉर्ममधली, मोकळ्या लांब केसांची ती मुलगी बघितली, आणि आपल्या मानेवरून हात फिरवला. मग मोबाइल घेऊन दारात जाऊन बसली. मी पहिली फेरी ओलांडून दुसरी लावली आणि हाक मारली. ती आली नाही. रिबनी वर गेल्या, संपल्या. मी लॅपटॉप मिटला. त्यानंतर काही दिवसांनी तो चालू व्हायचा थांबला. मी दुरुस्तीला दिला नाही. कुणासाठी देणार?

पहिली फेरी नात दोनदा खेळली, एकदा फार हळू आणि एकदा फार जोरात. वर जाणाऱ्या रिबनी दोघींनीच बघितल्या. त्यातली एक गेली. दुसरी मी.